ख्रिस्ती धर्मात घटस्फोट चालतो का? काळानुसार काही बदललंय का?

कायद्याने चालतो. बऱ्याच प्रोटेस्टंट पंथांनाही मान्य आहे, कॅथलिक चर्चला नाही.

कायदा बदलायला फार उशीर झाला आणि त्याची किंमत बायकांनी मोजली. भारतातल्या ख्रिस्ती लोकांसाठीच्या १८६९च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र त्याच्या व्यभिचाराबरोबर छळ किंवा त्याने टाकून दिल्याचंही सिद्ध करावं लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही जाचक अट रद्द ठरवली. २००१च्या दुरुस्तीने दोघांना समान कारणं मिळाली, परस्परसंमतीची वाटही खुली झाली.

कॅथलिक चर्च लग्न मोडत नाही. पण लग्नाच्या वेळी जबरदस्ती किंवा गंभीर फसवणूक झाली असेल, तर ते मुळात वैध नव्हतंच असं चर्चचं न्यायालय जाहीर करू शकतं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली. सरकारदरबारी मात्र तो निकाल चालत नाही, कोर्टात जावंच लागतं.

आणि नुसता घटस्फोट घेतला म्हणून कम्युनियन (चर्चमध्ये मिळणारा पवित्र भाकरीचा प्रसाद) बंद होत नाही. अडचण येते ती पुनर्विवाहाने. मार खाऊन घर सोडलेल्या बाईला कोणी 'आता तुला चर्चची दारं बंद' म्हणत असेल, तर ते धादांत खोटं आहे. तिने सरळ फादरांना जाऊन भेटावं.