वाचकांचे प्रश्न : लढाऊ पोकेमॉनची पैदास आणि तयारी

मराठवाड्यातून या विषयावर आलेल्या पत्रांतील पाच पत्रे या वेळी उत्तरांसाठी घेतली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे उत्तरे 2022 मध्ये आलेल्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या पोकेमॉनच्या व्हिडिओ खेळांना धरून आहेत.

प्रश्न : परीक्षा संपल्यापासून मी गिबलची अंडी उबवतो आहे. आईबापांपैकी एकाकडे डेस्टिनी नॉट ही वस्तू आहे आणि दोघांचेही सहाही आयव्ही 31 आहेत. तरीही सहाच्या सहा 31 असलेले पिल्लू मिळत नाही. माझे कोठे चुकते? (विद्यार्थी, लातूर)

तुमच्या पद्धतीत चूक नाही. प्रत्येक पोकेमॉनला वेग, हल्ला, बचाव अशा सहा क्षमतांसाठी (स्टॅटसाठी) जन्मतः सहा गुणांक, म्हणजे आयव्ही, मिळतात आणि प्रत्येक गुणांक 0 ते 31 यांच्या दरम्यान असतो. आईबापांचे मिळून असे बारा गुणांक होतात. एरवी त्यांतील तीन पिल्लाकडे जातात, डेस्टिनी नॉट असेल तर पाच जातात. उरलेला एक मात्र खेळ स्वतः नव्याने ठरवतो आणि तो 31 येण्याची शक्यता 32 मध्ये 1 एवढीच असते. म्हणून आईबाप कितीही उत्तम असले तरी प्रत्येक अंड्यात पाच गुणांक पक्के आणि सहावा नशिबाचा, हे गणित बदलत नाही.

मला तुम्हाला उलट विचारायचे आहे की, तो सहावा गुणांक तुम्हाला हवा कशासाठी आहे? गिबल वाढून ज्याचे रूप घेतो तो गार्चॉम्प हा शारीरिक हल्ला करणारा पोकेमॉन आहे. त्याला बहुतेक खेळाडू जॉली हे नेचर (स्वभाव) देतात, ज्यामुळे वेग दहा टक्क्यांनी वाढतो आणि विशेष हल्ला दहा टक्क्यांनी घटतो. जो विशेष हल्ला तो वापरणारच नाही त्याचा गुणांक 31 असला काय आणि 7 असला काय, लढतीत काहीच फरक पडत नाही. ही एक अट सोडून दिली की उपयोगाचे पिल्लू साधारणपणे दर पाच अंड्यांत एक मिळू लागते. नेचरसाठी दुसऱ्या पालकाकडे एव्हरस्टोन हा दगड द्यावा, म्हणजे त्या पालकाचे नेचर पिल्लाकडे खात्रीने जाते.

वेगाच्या गुणांकावर मात्र तडजोड करू नये. लेव्हल 50 वर पूर्ण तयारीच्या जॉली गार्चॉम्पचा वेग 169 भरतो. वेगाचा जन्मजात गुणांक 31 ऐवजी 30 असेल तर तोच 168 होतो. समोर दुसऱ्याचा 169 वेगाचा गार्चॉम्प उभा असेल, तर या एका अंकामुळे पहिला घाव त्याचा पडतो, आणि दोघांकडेही ड्रॅगन प्रकारचे हल्ले असल्यामुळे पुष्कळदा तेथेच निकाल लागतो.

बॉटल कॅप देऊन लेव्हल 50 नंतर कमी गुणांक 31 सारखा करून घेता येतो आणि मिंट देऊन नेचरचा परिणाम बदलता येतो. मग अंडी कशाला उबवायची, असेही काहींनी विचारले आहे. याची दोन कारणे आहेत. एक तर हे बदल त्या पोकेमॉनपुरतेच राहतात आणि त्याच्या पिल्लांना मूळचेच गुणांक व मूळचेच नेचर मिळते. दुसरे असे की बॉटल कॅप गुणांक वाढवते, कमी करत नाही. ट्रिक रूममध्ये, म्हणजे सावकाश चालणाऱ्याची पाळी आधी येते अशा पाच फेऱ्यांमध्ये, टोरकोल हा सावकाश पोकेमॉन वापरायचा असेल तर वेगाचा गुणांक 0 हवा असतो. वेग घटवणाऱ्या क्वाएट नेचरच्या टोरकोलचा वेग 0 गुणांकाने 22 आणि 31 गुणांकाने 36 होतो, आणि हे 22 जन्मतःच मिळवावे लागतात. टोरकोलच्या इरप्शन या हल्ल्याचा जोर त्याच्या स्वतःच्या शिल्लक जीवनशक्तीवर अवलंबून असल्यामुळे, मार खाण्याआधी पाळी येणे त्याला फार महत्त्वाचे आहे. म्हणून संघातले काम आधी ठरवावे, त्या कामाला लागणारे गुणांक कागदावर लिहावेत आणि मगच पहिले अंडे उचलावे.

प्रश्न : माझे सहाही पोकेमॉन लेव्हल 100 चे आहेत आणि मी त्यांना वाटेत भेटेल त्याच्याशी लढवून वाढवले आहे. तरीही ऑनलाइन लढतीत ते टिकत नाहीत. (वाचक, परभणी)

अधिकृत दुहेरी स्पर्धांत सर्वांची लेव्हल 50 धरली जाते आणि सहा जणांच्या संघातून प्रत्येक सामन्यासाठी चौघे निवडायचे असतात, म्हणून लेव्हल 100 चा तेथे काही लाभ होत नाही. तुमची खरी अडचण कमावलेल्या गुणांकांची, म्हणजे ईव्हींची आहे. एका पोकेमॉनला एकूण 510 ईव्ही मिळू शकतात आणि एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त 252 जातात. वाटेत भेटेल त्याला हरवत गेले की हे 510 सहा ठिकाणी थोडे थोडे विखुरतात, आणि वेग, हल्ला, बचाव यांपैकी कशातही पोकेमॉन ठळक उरत नाही.

लेव्हल 50 वर पहिल्या 4 ईव्हींना एक अंक आणि पुढे दर 8 ईव्हींना एक अंक मिळतो, म्हणजे पूर्ण 252 ईव्हींचे 32 अंक होतात. हे मिळवण्यात कष्टही फार नाहीत. वेगासाठीचा पॉवर अँकलेट बांधून, वेगाचा 1 ईव्ही देणाऱ्या जंगली पोकेमॉनला हरवले की दर लढतीला 9 ईव्ही जमा होतात आणि 28 लढतींत बरोबर 252 भरतात. पैसे हाताशी असतील तर व्हिटॅमिन घ्यावेत. एकाने 10 ईव्ही वाढतात आणि सव्वीस दिले की एक स्टॅट पूर्ण होतो. तुमच्या पोकेमॉनमध्ये आधी जमा झालेले ईव्ही मात्र प्रथम उतरवावे लागतील. त्यासाठी प्रत्येक स्टॅटची वेगळी बेरी असते आणि प्रत्येक बेरी 10 ईव्ही कमी करते. वेगासाठी टॅमॅटो बेरी, हल्ल्यासाठी केल्प्सी बेरी.

दोन ठिकाणी 252 आणि उरलेल्या 6 पैकी 4 तिसरीकडे, ही वाटणी नवख्याने सुरुवातीला करावी. तीत बिघडण्यासारखे काही नाही. पण या खेळातली खरी बुद्धी त्यापुढे लागते. पूर्ण वेगाचा चारिझार्ड 167 वर पोहोचतो. त्याला मागे टाकणे एवढाच हेतू असेल तर गार्चॉम्पला 168 पुरतात आणि त्यासाठी 252 नव्हे, 244 ईव्ही लागतात. वाचलेले 8 ईव्ही जीवनशक्तीत किंवा बचावात घालता येतात. अर्थात दुसऱ्या गार्चॉम्पशी बरोबरी मग सोडून द्यावी लागते. ज्या प्रतिस्पर्ध्यांची तुम्हाला धास्ती वाटते त्यांची नावे आधी लिहून प्रत्येकासाठी असा हिशेब केला, तर संघ तुमचा होतो. दुसऱ्याची वाटणी उतरवून घेतली तर ती अमुकच का आहे हे ऐन सामन्यात उमगत नाही.

प्रश्न : आमच्या घरी देवणी जनावरे आहेत आणि वळू निवडताना वडील फार चोखंदळ असतात. मुलगी मला सांगते की पोकेमॉनची पैदासही तशीच असते. हे खरे आहे का? (शेतकरी पालक, उदगीर)

मुलीचे म्हणणे एका बाबतीत खरे आहे. जन्माने येणारे आणि मेहनतीने येणारे या दोन गोष्टी हा खेळ स्पष्टपणे वेगळ्या ठेवतो. आईबापांनी कमावलेले ईव्ही पिल्लाला मिळत नाहीत, त्याला ते शून्यापासून जमवावे लागतात. बैल नांगराला कितीही पक्का केला तरी त्याचे गोऱ्हे नांगर शिकून जन्माला येत नाही, तसेच हे आहे.

बाकी फरक मोठे आहेत. खेळात आईचा किंवा बापाचा आकडा जसाच्या तसा उतरतो. गाईचे दूध मात्र अनेक जनुकांवर आणि शिवाय चारा, पाणी व निगा यांवर ठरते, म्हणून वासराकडे पाहून ते सांगता येत नाही. वळू तर स्वतः दूध देत नाही. त्याच्या मुलींचे दूध मोजूनच त्याची पारख होते. खेळात बापाचा गुणांक आपल्याला पडद्यावर वाचता येतो. खेळात बहीणभावांची किंवा बापलेकीची जोडी लावली तरी पिल्लात काही खोट येत नाही. गोठ्यात असे जवळच्या नात्यातले संकर पिढ्यान्‌पिढ्या होत राहिले तर जनावरांची प्रजननक्षमता आणि रोगप्रतिकारशक्ती घटते, आणि तुमच्या वडिलांचा चोखंदळपणा त्यासाठीच असणार. आणखी एक गोष्ट मुलीला जरूर सांगावी. आईबाप दोघांनाही एखादा हल्ला येत असेल आणि पिल्लू तो पुढे लेव्हल वाढल्यावर शिकणार असेल, तर ते जन्मतःच तो येणारे निघते. शिकलेली गोष्ट पुढच्या पिढीत उतरते ही लामार्कची कल्पना जीवशास्त्राने बाजूला ठेवली, ती या खेळात नियम म्हणून चालते. बापलेकींनी गोठा आणि खेळ समोरासमोर ठेवून बोलावे असे मला मनापासून वाटते, कारण आनुवंशिकतेचे इतके चांगले प्रश्न पाठ्यपुस्तकातही सहज सुचत नाहीत.

प्रश्न : शायनी पोकेमॉन लढतीत जास्त बलवान असतो का? (विद्यार्थिनी, जालना)

नाही, फरक केवळ रंगाचा असतो. हौस म्हणून हवा असेल तर वेगवेगळ्या भाषांतील खेळांतून आलेले आईबाप एकत्र ठेवावेत. त्यामुळे एरवी 4096 मध्ये 1 असलेली शक्यता 683 मध्ये 1 होते. या युक्तीला खेळाचे एक निर्माते जुनिची मासुदा यांच्या नावाने ओळखतात.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. पोकेमॉन गो मध्ये रोज चालून 10 किलोमीटरची अंडी उबवतो; त्यांतून तिन्ही आयव्ही 15 असलेला पोकेमॉन निघाला तरी ग्रेट लीगमध्ये तो साध्या पोकेमॉनकडून हरतो. (वाचक, हिंगोली)

पोकेमॉन गो मध्ये पैदास नसते. अंडे तेथे चालल्याचे बक्षीस म्हणून उबते, आणि त्यातून निघणाऱ्याचे तिन्ही आकडे (या खेळात ते 0 ते 15 असतात) किमान 10 असतात. तुमची अडचण नेमकी तेथेच आहे. ग्रेट लीगमध्ये 1500 सीपीची, म्हणजे एकूण लढाऊ ताकदीच्या आकड्याची, मर्यादा आहे आणि सीपीच्या सूत्रात हल्ल्याचा आकडा पूर्ण धरतात, तर बचाव आणि जीवनशक्ती यांचे वर्गमूळ घेतात. म्हणजे हल्ल्याचा प्रत्येक अंक मर्यादेतली जास्त जागा खातो. हल्ला 0, बचाव 15 आणि जीवनशक्ती 15 असलेला पोकेमॉन त्याच 1500 मध्ये वरच्या लेव्हलपर्यंत नेता येतो आणि एकूण मार जास्त सोसतो. असे पोकेमॉन अंड्यांत शोधू नयेत, रानात पकडलेल्यांत शोधावेत. अदलाबदल केल्यानेही आकडे नव्याने ठरतात, पण मैत्रीची पातळी जितकी वरची तितकी किमान मर्यादा वाढते, म्हणून या कामासाठी जुन्या मित्रापेक्षा नवा मित्र बरा. ज्यांचा सीपी 1500 पर्यंत पोहोचतच नाही असे लहान पोकेमॉन आणि मर्यादा नसलेली मास्टर लीग, येथे मात्र तिन्ही 15 चेच महत्त्व आहे, तेव्हा तुमचा तो पोकेमॉन जपून ठेवा.

मूळ खेळातल्या लढतींची ओढ असेल तर त्यासाठी कन्सोल घेईपर्यंत थांबण्याची गरज नाही. पोकेमॉन शोडाउन हे विनामूल्य साधन मोबाइलच्या ब्राउझरवर चालते. त्यात आयव्ही, ईव्ही आणि नेचर थेट लिहून संघ बनवता येतो आणि लगेच लढवता येतो. कन्सोल असलेल्यांनीही पैदाशीला बसण्यापूर्वी संघ तेथे पुष्कळदा लढवून पाहावा. तयार पोकेमॉन विकत घेण्याचा विचार ज्यांनी पत्रांतून कळवला आहे, त्यांनी तो सोडून द्यावा. बाहेरच्या प्रोग्रॅमने बनवलेले पोकेमॉन अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत, आणि 2023 मध्ये योकोहामा येथील जागतिक स्पर्धेत अशा पोकेमॉनमुळे काही खेळाडू बाद झाले होते. विकत घेतलेला पोकेमॉन कसा बनला हे खरेदीदाराला तपासता येत नाही; खेळात अंडी जेथे मिळतात त्या पिकनिकच्या टोपलीतून स्वतः उचललेल्या अंड्याबाबत ती शंका राहत नाही.