समुद्राच्या वासाचा वायू दुसऱ्या ग्रहावर सापडला, मग तिथे जीव आहे का?

ताई, तुमच्या आठवीच्या मुलांचा प्रश्न फार आवडला. "आपल्या समुद्रातला वायू दुसऱ्या ग्रहावर सापडला, मग तिथे जीव आहेच ना?" असं त्यांनी विचारलं आणि वर्गात काय सांगावं हे तुम्ही देवगडहून इथे विचारलंत. थेट उत्तर एवढंच की आज तसं म्हणता येत नाही. पण 'अजून सिद्ध झालेलं नाही' एवढ्यावर मुलांची बोळवण करू नका. खरी मजा पुढे आहे. मी रत्नागिरीत बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे वायूपासूनच सुरुवात करतो.

हा वायू म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. समुद्रातले सूक्ष्म वनस्पती-प्लवक गंधक असलेलं एक संयुग पेशीत साठवतात. प्लवक मेले किंवा कुणी खाल्ले की जिवाणू त्या संयुगाचे तुकडे करतात आणि हा वायू सुटतो. किनाऱ्यावर येतो त्या खाऱ्या वाऱ्याच्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. (मुलं वाळत घातलेल्या बांगड्यांचं नाव घेतील. तो वास वेगळा, मुख्यतः ट्रायमिथाइलअमाईनचा. हा फरक जरूर सांगा, दोन्ही वास त्यांच्या रोजच्या ओळखीचे आहेत.) पृथ्वीवरच्या हवेत हा वायू जवळजवळ सगळा सजीवांमुळेच येतो. म्हणून एवढी खळबळ.

आता तो ग्रह. के२-१८बी हा आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षं दूर, सिंह राशीच्या दिशेला, एका लाल खुजा ताऱ्याभोवती ३३ दिवसांत फेरी मारतो. त्रिज्या पृथ्वीच्या अडीचपटीहून थोडी जास्त, वस्तुमान आठपटीहून जास्त. तो दुर्बिणीत ठिपका म्हणूनही वेगळा दिसत नाही. ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो आणि प्रत्येक वायू त्यातल्या ठरावीक तरंगलांबी शोषतो. जेम्स वेब दुर्बिणीने तो प्रकाश टिपला. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने २०२३ मध्ये त्यात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असल्याचं सांगितलं, सोबत डायमिथाइल सल्फाइडची पुसट खूण. एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या उपकरणाने घेतलेल्या नोंदींवरून ही खूण 'तीन सिग्मा' इतकी ठळक झाल्याचं त्यांनी जाहीर केलं, तीही हाच वायू की त्याचा भाऊबंद डायमिथाइल डायसल्फाइड, हे न ठरवता.

इथे बातम्यांनी घोळ घातला. तीन सिग्मा म्हणजे 'तिथे जीव असण्याची शक्यता ९९.७ टक्के' असं अनेक ठिकाणी छापून आलं. ते साफ चूक आहे. तसा आलेख निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. जिवाबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. शोध पक्का म्हणायला पाच सिग्मा लागतात आणि त्यासाठी वेबचे आणखी १६ ते २४ तास लागतील, असं त्याच गटाने सांगितलं. दुसऱ्या गटांनी त्याच नोंदी आपल्या पद्धतीने तपासल्या तेव्हा त्यांना ही खूण भक्कम वाटली नाही.

समजा, वायू आहेच. तरी पुढचा प्रश्न उरतो आणि मुलांना मी हाच शिकवला असता: जीव नसताना हा वायू तयार होऊ शकतो का? होऊ शकतो. रोझेटा यानाने ६७पी या धूमकेतूभोवती गोळा केलेल्या नोंदींत डायमिथाइल सल्फाइड सापडल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्या गोठलेल्या गोळ्यावर प्लवक नाहीत. प्रयोगशाळेत साध्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील किरण सोडूनही तो मिळाला आहे. शिवाय के२-१८बीवर समुद्र आहे हेच ठरलेलं नाही. नेपच्यूनसारखा, घट्ट पृष्ठभागच नसलेला वायूचा ग्रह असण्याचीही तितकीच चर्चा आहे.

विजयदुर्ग तुमच्याच तालुक्यात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'शी हेलियमच्या शोधाची कथा जोडली जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा आणि त्या शोधाचा संबंध खराच आहे. पण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होते आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून पाहिली. ती कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून नवं मूलद्रव्य असावं असं म्हटलं गेलं. अनेकांना पटलं नाही. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून तोच वायू पृथ्वीवर मिळाला, तेव्हा वाद मिटला. या कथेचा दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही. त्याच काळात तेजोमेघांतल्या (अवकाशातल्या वायूच्या ढगांतल्या) हिरव्या रेघेवरून 'नेब्युलियम' आणि सूर्याच्या प्रभामंडलातल्या रेघेवरून 'कोरोनियम' अशी आणखी दोन मूलद्रव्यं मांडली गेली. १९२७ मध्ये कळलं की नेब्युलियम म्हणजे विरळ अवकाशातला, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. कोरोनियम तर तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड निघालं. तिन्ही रेघा खऱ्या होत्या. तीनपैकी एकीचाच अर्थ नवं मूलद्रव्य असा होता. के२-१८बीच्या बाबतीत आपण १८६८ आणि १८९५ च्या मधल्या कुठल्यातरी वर्षात आहोत, आणि आपली रेघ हेलियमची की कोरोनियमची हे ठरायचं आहे.

मग भरवशाची खूण कोणती? १९६५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी सुचवलं की एकटा वायू बघू नका, एकत्र टिकू न शकणारे वायू एकत्र सापडतात का ते बघा. आपल्या हवेत ऑक्सिजन आहे आणि मिथेनही. मिथेन दहा-बारा वर्षांत ऑक्सिडीकरणाने संपतो, तरी हवेत आहे, म्हणजे कुणीतरी तो सतत भरतंय. (हेच लव्हलॉक १९७१-७२ मध्ये 'शॅकल्टन' जहाजावरून अंटार्क्टिकाच्या बाजूला गेले आणि समुद्राच्या पाण्यातलं डायमिथाइल सल्फाइड त्यांनीच मोजलं. मला हा योग विलक्षण वाटतो.) डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याची उपकरणं आपल्याच ग्रहाकडे वळवून ही पद्धत तपासली. ऑक्सिजन, मिथेन, वनस्पतींचा लाल प्रकाश शोषणारा रंग आणि रेडिओ संदेश, सगळं दिसलं. जिथे जीव आहे हे माहीत आहे तिथे पद्धत चालते का, हे आधी बघितलं. मुलांना हा प्रयोग सांगाच.

मंगळाबद्दल फार लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. शनीचा उपग्रह एन्सेलॅडस मात्र कोकणच्या मुलांना पटकन समजेल. त्याच्या बर्फाखाली खारा समुद्र आहे आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याचे फवारे बाहेर पडतात. कॅसिनी यान त्या फवाऱ्यांतूनच गेलं. त्यात हायड्रोजन सापडला, नंतर जुन्या नोंदींतून फॉस्फेटही. तळाशी गरम पाणी खडकाशी खेळत असावं असं त्यावरून वाटतं. राजापूरजवळचं उन्हाळे किंवा दापोलीजवळचं उन्हवरे इथे सहल नेलीत तर गरम पाण्याच्या कडेला दगडावरचे हिरवट थर दाखवा. त्या पाण्यातही सूक्ष्मजीव सुखाने राहतात. हात घालू देऊ नका, पाणी भाजू शकतं.

वर्गात करायला एक प्रयोग. बुटाच्या खोक्याला एका बाजूला बारीक चीर पाडा, समोर जुनी सीडी तिरकी बसवा आणि वरून बघायला भोक ठेवा. आधी एलईडी दिवा बघा, मग जुना सीएफएल. एकात रंग सलग दिसतील, दुसऱ्यात तुटक पट्टे. मग गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाका. सोडियमची पिवळी रेघ ५८९ नॅनोमीटरच्या आसपास येते. हेलियमची ५८७.६ ला. तुमच्या खोक्यात हा फरक दिसणार नाही. तो दिसायला खोक्यात काय बदलावं लागेल, हे मुलांनाच विचारा आणि त्यांची उत्तरं इथे लिहा, पुढचं सांगतो. सूर्याकडे थेट चीर धरायची नाही, पांढऱ्या भिंतीवरचं ऊन बघायचं.