ऑडी टीटीला बाहेरचे साइड स्कर्ट, म्हणजे दारांखालच्या लांब पट्ट्या, बसवायचे आहेत. गाडी नांदेडला चालवणार आहे. नुसत्या डबल टेपवर टिकतील का, की स्क्रू मारावेच लागतील?

भाऊ, टेपही लागते आणि स्क्रूही लागतो. वरच्या कडेला, दाराखाली टेप. खालून, पोटाकडून स्क्रू. पण तुम्ही नांदेडला गाडी चालवणार म्हणता आणि स्कर्ट एबीएस प्लास्टिकचा आहे की फायबरचा, हे लिहीतच नाही. खरा प्रश्न तो आहे. स्कर्ट उलटा करून बघा. काचेचे धागे दिसले तर फायबर. गुळगुळीत असेल तर कुठंतरी एबीएस असा शिक्का सापडेल. हाताला रबरासारखा लवत असेल तर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन.

चिकलठाण्याला चुलतभावासोबत डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप होतं तेव्हाची गोष्ट सांगतो. जालन्याच्या एका व्यापाऱ्याच्या मुलानं सेकंडहँड टीटी घेतली होती, 2006 ला आलेल्या दुसऱ्या पिढीतली. आपल्या शेंद्र्याला ऑडी जुळवतात, पण टीटी तयारच बाहेरून यायची, त्यामुळं तिच्या खाली झोपून काम करायला मिळणं हे आमच्यासाठी मोठं होतं. स्कर्ट एबीएसचे, रंग काळा. काम थंडीत आलं. दादाचा, म्हणजे त्या चुलतभावाचा, हात बसलेला. त्यानं पुट्टी भरली की बोट फिरवून जोड सापडायचा नाही, हे मी आजही मान्य करतो. पण स्क्रूच्या बाबतीत त्याचं एकच: आवळून टाक. गोल भोक, मापाचा स्क्रू, शेवटच्या आट्यापर्यंत टाइट. मी म्हणत होतो, मधला एकच घट्ट ठेवू, बाकीची भोकं स्कर्टच्या लांबीत लांबट करू. ऐकलं नाही. म्हणाला, "ढिलं ठेवलं की खडखडतं, आणि खडखडलं की गिऱ्हाईक परत येतं."

गिऱ्हाईक मे महिन्यात परत आलंच. भर दुपारी गाडी आमच्या दारात उन्हात उभी. मागच्या चाकापाशी उकिडवं बसून पुढं नजर टाकली तर स्कर्टची कड नागमोडी झालेली, दर दोन स्क्रूंच्या मध्ये एक फुगवटा. स्क्रूच्या डोक्यांभोवती रंगाला बारीक चिरा. दादा म्हणाला, माल हलका आहे. मी काही न बोलता खाली शिरलो आणि मागच्या टोकाचा स्क्रू सोडला. शेवटचा आटा निघाला तसा स्कर्ट टक्कन मागं सरकला, आणि त्याचं भोक बॉडीच्या भोकावरून अर्धं बाजूला गेलं. संध्याकाळी गाडी गार झाली तेव्हा दोन्ही भोकं परत समोरासमोर. गाडीच्या मालकानं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. दादानंही बघितलं आणि चहाला निघून गेला. आता आमची वर्कशॉपं वेगळी आहेत, आणि घरच्या कुठल्याही लग्नात भेटलो की तो अजून "माल हलका होता" म्हणतो.

माल हलका नव्हता. हिशेब करा. एबीएस दर मीटरला दर अंशाला साधारण 0.08 मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम 0.023. स्कर्ट पावणेदोन मीटर धरा. डिसेंबरच्या सकाळी तो 15 अंशांवर असेल, तर मेच्या उन्हात काळा रंग 65 ला सहज जातो. या 50 अंशांत स्कर्ट 7 मिलिमीटर वाढणार आणि बॉडी 2. मधले 5 मिलिमीटर कुठंतरी जायला हवेत ना? दोन्हीकडून जखडलं तर ते बाहेरच फुगणार. मधला स्क्रू पक्का आणि बाकीची भोकं लांबट ठेवली तर प्रत्येक टोकाला अडीच मिलिमीटरच येतात, आणि चांगली फोमची टेप तेवढं निमूट सोसते. खडखडण्याचं म्हणाल तर स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर टाका आणि वर टेप आहेच. आवाज येत नाही. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांना हे पटत नाही, कारण त्यांच्याकडं मराठवाड्याचं ऊन नाही.

फायबरचा स्कर्ट जवळपास बॉडीइतकाच वाढतो, त्याला गोल भोक चालून जातं. मात्र त्यावर साच्याचं मेण असतं. ते वॅक्स रिमूव्हरनं दोनदा पुसल्याशिवाय ना रंग धरत, ना टेप.

दुसरं, तुमची टीटीही त्याच दुसऱ्या पिढीतली असेल, तर दाराखालचा रनिंग बोर्ड ॲल्युमिनियमचा आहे. त्या पिढीत दारं आणि मागचा फ्लोअर लोखंडी, बाकी बहुतेक बॉडी ॲल्युमिनियम. त्यात साधा लोखंडी स्क्रू थेट मारला आणि पावसाचं पाणी लागलं, की भोकाभोवती पांढरी भुकटी धरते आणि धातू खात जातो. स्टीलचा स्क्रू घेतलात तरी सुटका नाही. भोकात प्लास्टिकचा ग्रोमेट बसवा, स्क्रू त्याच्यात जाऊ द्या. आणि खालची कड सीलंटनं लिंपू देऊ नका, कारण रनिंग बोर्डचं पाणी निघायची भोकं तिथंच असतात. जॅक लावायच्या जागाही आधी खडूनं आखून मोकळ्या ठेवा, नाहीतर पंक्चरच्या दुकानात पहिल्याच दिवशी स्कर्ट फुटेल.

रंगाआधी कोरडं बसवून बघा, दारं पूर्ण उघडून बघा, कड घासायची ती तेव्हाच घासा. रंगवून मग घासणाऱ्याकडं गाडी देऊच नका, मग तो नात्यातला का असेना.

गतिरोधकांचं राहिलंच. भारतीय रस्ते परिषदेच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्यावरून गाडी सावकाश चढून उतरते. आपल्या गावांतले अरुंद आणि उभे असतात. टीटीच्या पुढच्या-मागच्या चाकांत जवळपास अडीच मीटर अंतर, असला अरुंद उंचवटा त्यात मावतो आणि नेमका पोटाखाली येतो. दोन इंच खाली येणारा स्कर्ट घेणार असाल तर विचार करून घ्या.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळं नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनं नियमबाह्य बदलाला दर बदलामागं 5,000 रुपये दंड ठेवलाय. इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवून ठेवा.

टेप लावायची ती सकाळी, सावलीत, जागा आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, पुसून. दाबून बसवली की पूर्ण पकड यायला 72 तास लागतात, तोवर गाडी धुवू नका आणि हायवेला काढू नका.