नागपुरातून बी.कॉम. केल्यावर वित्तीय अर्थशास्त्रात एम.एस्सी. करावी की एम.बी.ए. फायनान्स?

बारावीनंतर आपला गणित हा विषय मागे पडल्याचे आपण लिहिले आहे, आणि निर्णय खरे तर तिथेच अडतो. एम.बी.ए.मध्ये ताळेबंद वाचून व्यवसायाचे निर्णय घेण्यावर भर असतो. वित्तीय अर्थशास्त्रात मात्र 7 टक्के व्याजाचा, 100 रुपयांचा एक वर्षाचा रोखा (बाँड) बाजारातील दर 8 टक्के होताच 99 रुपये 7 पैशांवर का येतो, येथपासून सुरुवात करून पुढे कलन (कॅल्क्युलस), संभाव्यता आणि अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण; हीच अनेकांना जड जाते) यांच्या आधारे किमतींची प्रतिमाने मांडावी लागतात. पुण्याची गोखले संस्था हा अभ्यासक्रम चालवत आली आहे. अर्ज करण्यापूर्वी सीताबर्डीवरून कलनाचे जुने पुस्तक आणून दोन महिने उदाहरणे सोडवून पाहावीत. कंटाळा आला, तर एम.बी.ए.च निवडावे.