पावलापुरता दिवा

वाचकांचे प्रश्न या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे पवित्र शास्त्रातील प्रकाशाविषयी आहेत. तिन्ही विदर्भातील खेड्यांतून आली आहेत, म्हणून त्यांना एकत्रच उत्तर देत आहे.

प्रश्न : माझे यजमान गेल्या वर्षी हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री वावरात गेले आणि सर्पदंशाने वारले. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीच्या पाळीची होती. नंतर आमच्या घरी झालेल्या प्रार्थनासभेत ‘तुझे वचन माझ्या पावलांकरिता दिव्यासारखे आहे’ हे वचन वाचले गेले, आणि ज्याच्याजवळ ख्रिस्त आहे त्याच्या मनात अंधार राहत नाही, असे सांगण्यात आले. माझ्या मनात वर्षभर अंधारच आहे. त्या रात्री तो दिवा कुठे होता? माझा विश्वास संपला असे समजावे काय? धुऱ्यावरून दिरांशी कितीतरी वर्षे चाललेला वाद मी मिटवला. त्यापलीकडे काही करावेसे वाटत नाही. (एक भगिनी, दारव्हा तालुका)

उत्तर : ताई, आपले पत्र मी अनेकदा वाचले. त्या रात्री दिवा कुठे होता, या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते आहे असे भासवणे हा आपल्या दुःखाचा अपमान ठरेल. मात्र ज्या वचनाने आपल्याला जखम झाली, ते वचन काय म्हणते आणि काय म्हणत नाही, हे नीट पाहिले पाहिजे.

स्तोत्र ११९ मधील हा दिवा म्हणजे तळहातावर मावेल एवढा मातीचा दिवा. त्यात जैतुनाचे तेल आणि तागाची वात असे. त्याचा उजेड पुढच्या पावलापुरताच पडतो. रात्री बॅटरी घेऊन धुऱ्याने चालणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: उजेडाच्या गोलात जेवढे दिसते तेवढेच दिसते, वावराचे दुसरे टोक काळोखातच असते. आपण सभांमधून १०५ वे वचन वाचतो आणि तेथेच थांबतो. पुढे वाचले, तर तोच स्तोत्रकर्ता १०७ व्या वचनात आपण फार पीडलेले आहोत असे म्हणतो, १०९ व्या वचनात आपला जीव सदैव मुठीत आहे असे सांगतो, आणि ११० व्या वचनात आपल्यासाठी पाश मांडला आहे अशी कबुली देतो. हातात दिवा असलेल्या माणसाचेच हे उद्गार आहेत. दिवा असला म्हणजे वाटेत दंश होणार नाही, असे आश्वासन त्या स्तोत्रात नाही, आणि आपणही ते एकमेकांना देऊ नये.

आता मनातील अंधाराविषयी. योहानाच्या पहिल्या पत्रात ‘देव प्रकाश आहे, आणि त्याच्या ठायी मुळीच अंधार नाही’ असे म्हटले आहे. ‘त्याच्या ठायी’ हे शब्द देवाविषयी आहेत; शोक करणाऱ्या विधवेच्या मनाविषयी नाहीत. तोच प्रेषित दुसऱ्या अध्यायात अंधार कशाला म्हणतो, हेही सांगतो: जो प्रकाशात असल्याचे म्हणतो आणि आपल्या भावाचा द्वेष करतो, तो अजून अंधारात आहे, जो भावावर प्रीती करतो, तो प्रकाशात राहतो. योहान अंधार हे नाव द्वेषाला देतो, दुःखाला देत नाही. वावराच्या धुऱ्यावरून भावाभावांची तोंडे पिढ्यानपिढ्या कशी फिरतात, हे आपल्या भागात कोणाला ठाऊक नाही? तो वाद आपण, याच वर्षी, मनाच्या याच अवस्थेत मिटवला. योहानाच्या मापाने पाहिले तर आपण प्रकाशात आहात, ताई. पत्रात शेवटी ओझरते लिहिलेले ते एक वाक्य मला साऱ्या पत्रात सर्वांत उजळ वाटले.

शास्त्राने अशा अवस्थेला जागाही दिली आहे. ८८ वे स्तोत्र आशेच्या एकाही शब्दावर संपत नाही. मूळ इब्री भाषेत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे, आणि तरीही ती प्रार्थना म्हणून जपली गेली. सीनाय पर्वतापाशी लोक दूर उभे राहिले, तेव्हा मोशे देव जेथे होता त्या निबिड अंधाराजवळ गेला, असे निर्गमाचा २० वा अध्याय सांगतो. यशयाच्या ५० व्या अध्यायात तर अंधारात चालणाऱ्या आणि काहीही प्रकाश नसलेल्या मनुष्याला, तो देवाचे भय धरणाराच आहे असे गृहीत धरून, देवाच्या नावावर विसंबण्यास सांगितले आहे. मदर तेरेसा यांचे १९९७ मध्ये निधन झाले; २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांवरून कळले की आयुष्याची कित्येक दशके त्यांना देवाचे सान्निध्य जाणवतच नव्हते, आणि त्या काळातही त्यांचे काम थांबले नव्हते. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील, तर ८८ वे स्तोत्र तेवढे वाचावे. तेही होत नसेल, तर मंडळीतील कोणी शेजारी बसून वाचावे, आणि कृपया त्यानंतर कोणी उपदेश करू नये.

प्रश्न : उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी झाला, असे आहे. शाळेतील मित्र यावरून विचारतात तेव्हा काय सांगावे? (एक विद्यार्थी, मेहकर तालुका)

उत्तर : हा क्रम लिहिणाऱ्याच्या नजरचुकीने आलेला नाही. त्या काळी सभोवतालची बलाढ्य राष्ट्रे सूर्याला आणि चंद्राला देव मानीत होती. उत्पत्तीचा लेखक त्यांची नावेसुद्धा घेत नाही. ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ एवढेच म्हणतो, त्यांना दिवस, ऋतू आणि वर्षे दाखवण्याचे काम नेमून देतो, आणि प्रकाशाचा उगम देवाच्या शब्दात आहे असे सांगतो. खगोलशास्त्राचे प्रश्न खगोलशास्त्राच्या पुस्तकात शोधावेत. तसे केल्याने विश्वासाला बाधा येत नाही. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात हीच गोष्ट पुन्हा येते: तेथे रात्र नाही, आणि दिव्याची किंवा सूर्याची गरज नाही, कारण प्रभू देवच प्रकाश देतो. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मसभेने ख्रिस्ताला ‘प्रकाशापासून प्रकाश’ म्हटले. दिव्यावर दिवा लावला तरी पहिल्याचा उजेड घटत नाही, हा दाखला प्राचीन ख्रिस्ती लेखक पित्याविषयी आणि पुत्राविषयी बोलताना देत असत.

प्रश्न : मत्तय ५:१६ मध्ये तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, असे आहे, आणि ६:३ मध्ये डाव्या हाताला उजव्याचे दान कळू देऊ नका, असे आहे. दोन्ही कसे पाळावे? (एक वाचक, अचलपूर तालुका)

उत्तर : दोन्ही वचने डोंगरावरील एकाच प्रवचनातील आहेत, तेव्हा येशूला त्यांत विरोध दिसत नव्हता, हे उघड आहे. दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात, असे तो म्हणतो. हे माप म्हणजे धान्य मोजण्याचे, सुमारे साडेआठ लिटरचे भांडे. आपल्याकडे घरोघरी पायली असते, तसे तेथे ते असे. गालीलातील गरिबाचे घर बहुधा एकाच खोलीचे, म्हणून एक दिवा ‘घरातील सर्वांना’ पुरत असे. अशा घरात दिव्याकडे कोणी टक लावून बसत नाही. त्या उजेडात भाकर थापली जाते, मूल झोपवले जाते, दाराची कडी लावली जाते. ५:१६ चे वाक्य शेवटपर्यंत वाचावे: लोकांनी तुमची सत्कर्मे पाहून तुमच्या स्वर्गातील पित्याचे गौरव करावे. सहाव्या अध्यायात निषेध आहे तो लोकांनी आपल्याला पाहावे म्हणून कर्णा वाजवण्याचा. आपल्याच तालुक्यात कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे रुग्णालय आहे. तेथे ज्यांनी अनेक दशके रुग्णांच्या जखमा धुतल्या, त्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला किंवा मला सांगता येणार नाहीत. जखमा बऱ्या होऊन घरी परतलेली माणसे मात्र गावोगावी लोकांनी पाहिली आहेत.