काल्पनिक ग्रहाच्या नकाशावर धूप (पाण्याने जमीन झिजणं) खरी वाटेल अशी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की ४०९६ × २०४८ पिक्सेलच्या अख्ख्या ग्रहावर संगणकात पावसाचे पाच लाख थेंब सोडून जमीन कोरली, तरी डोंगर चुरगळलेल्या कागदासारखे दिसतात आणि नद्या मध्येच विरतात. थेंब वाढवून हे सुटणार नाही. गडबड मापात आहे.

ग्रह पृथ्वीएवढा धरला तर विषुववृत्तावर तुमचा एक पिक्सेल सुमारे ९.८ किलोमीटरचा. म्हणजे आमचं कोल्हापूर ते पन्हाळा दोन पिक्सेल, गगनबावडा पाच. थेंबांची पद्धत ओघळ आणि घळी कोरते, तिला ५-१० मीटरचा पिक्सेल लागतो. दरड कोसळवणाऱ्या, म्हणजे फार तीव्र उतार ढासळवणाऱ्या फिल्टरचंही तेच. शेजारच्या दोन पिक्सेलांत ३३ अंशांचा उतार यायला उंचीत सुमारे ६.४ किलोमीटरचा फरक हवा. तरीही तो फिल्टर काही करताना दिसला, तर उंचीचं एकक चुकलंय असं समजा.

या मापावर मी पाणलोटावरून (त्या जागी जिथून पाणी येतं ते वरचं क्षेत्र) धूप काढेन:

धुपेचा वेग = क × √पाणलोट × उतार

क हा झिजेचा गुणांक, साधारण ०.०००००५ (लांबी मीटरमध्ये, काळ वर्षांत), जमिनीचं उत्थान (वर उचललं जाणं) वर्षाला अर्धा मिलिमीटर. हिशेब करून बघा: १ चौरस किलोमीटर पाणलोटाला समतोल उतार (धूप आणि उत्थान सारखे होतात तो) किलोमीटरमागे १०० मीटर येतो, १०० चौरस किलोमीटरला १० मीटर. उगमाशी तीव्र, खाली सपाट. हे आपोआप मिळतं, कारण थेंबाला आपल्या मागे किती मुलूख आहे ते ठाऊक नसतं, सूत्राला असतं.

दर फेरीत आधी उत्थान मिळवा, मग खळगे भरा (प्रायॉरिटी-फ्लड हा खळगे भरायचा अल्गोरिदम उत्तम). हे टाळलं की नद्या विरतात, तुमचं दुखणं बहुधा इथेच आहे. मग प्रत्येक पिक्सेलचा सर्वांत उताराचा शेजारी ठरवा, उंचावरून खाली येत पाणलोट बेरजेत घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा होते, तशीच ही बेरीज. शेवटी समुद्राकडून वर जात:

नवी उंची = (जुनी + फ × खालच्याची नवी उंची) ÷ (१ + फ)

इथे फ = क × फेरीची वर्षं × √पाणलोट ÷ पिक्सेलमधलं अंतर. ही इम्प्लिसिट, म्हणजे खालच्याची नवी उंची धरून सोडवायची पद्धत ब्रॉन आणि विलेट यांनी २०१३ साली मांडली. साध्या वजाबाकीने केलंत तर एक लाख चौरस किलोमीटरच्या नदीवर सहा हजार वर्षांपुढची फेरी फुटते आणि नकाशावर सुळके उगवतात. इम्प्लिसिटमध्ये ५०,००० वर्षांच्या २०० फेऱ्या निवांत चालतात.

पाऊस सगळीकडे सारखा ठेवू नका. पाणलोटाच्या बेरजेत क्षेत्रफळाला पावसाने गुणा. गगनबावड्याला धो-धो कोसळतो आणि शिरोळला त्याचा लहानसा हिस्सा पोचतो, तसा वाऱ्याच्या बाजूला जास्त, पलीकडे कमी. उत्थानही एका कडेला जास्त द्या. अरबी समुद्र इतका जवळ असून आमच्या नद्या पूर्वेला जातात. सगळ्या नद्या जवळच्या किनाऱ्याला धावल्या की नकाशा खोटा वाटतो. पन्हाळ्यासारखे सपाट माथे हवेत तर वरच्या थराचा क पाचपट कमी करा.

नद्या ४५ अंशांत सरळसोट धावू लागल्या तर आठ शेजाऱ्यांच्या ग्रिडचा दोष आहे. तीव्र उताराच्या शेजाऱ्यांतून उताराच्या प्रमाणात यादृच्छिक निवड करा, किंवा वेडंवाकडं जाळं घ्या, ते जास्त बरं. ध्रुवांकडे पिक्सेल आकसतो, ६० अक्षांशावर रुंदी निम्मी. क्षेत्रफळ आणि पूर्व-पश्चिम अंतर दोन्हींना अक्षांशाच्या कोसाइनने गुणा.

हे सूत्र फक्त कोरतं, गाळ टाकत नाही. नरसोबावाडीजवळ कृष्णा-पंचगंगेच्या काठी आहे तसं पसरट पूरमैदान हवं असेल तर वरून आलेल्या गाळाच्या प्रमाणात भर घालणारं पद जोडावं लागेल.

हाइटमॅप (उंचीचा नकाशा) ८ बिटमध्ये साठवलात तर ९,००० मीटर उंची २५६ पायऱ्यांत, म्हणजे दर ३५ मीटरला पायरी, आणि सगळी मेहनत वाया. १६ बिट घ्या. थेंब अगदी शेवटी, जवळून दाखवायच्या तुकड्यांवरच.

तपासणीसाठी उतार आणि पाणलोट लॉग-लॉग (दोन्ही अक्ष लॉगरिदमचे) आलेखावर मांडा. कल उणे ०.५ च्या आसपास यायला हवा. ढगासारखं पसरलं असेल तर अजून फेऱ्या चालवा.