कॉम्प्युटरला माणसाचं नाव देऊ नका

नेटवर्क पहिल्यांदाच सांभाळताय, तर कॉम्प्युटरला वापरणाऱ्याचं नाव देऊ नका. माणूस जागा बदलतो, नोकरी सोडतो. नाव मात्र तसंच राहतं आणि पुढचा माणूस गोंधळतो. विभागाचं लघुरूप, यंत्राचा प्रकार आणि क्रमांक पुरे: 'ACC-DT-03', म्हणजे अकाउंट्स विभागाचा तिसरा डेस्कटॉप. विंडोजसाठी नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ, एवढंच वापरा; स्पेस नको. तेच नाव यंत्रावर चिकटवा आणि यादीतही लिहा.

बॅकअपबद्दल मात्र जरा आग्रहानं सांगतो. डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या माध्यमांवर, त्यातली १ ऑफिसबाहेर. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर, सतत जोडलेली बॅकअप ड्राइव्हही मूळ फाइलींसोबतच लॉक करू शकतं, म्हणून एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवीच. नुसतं सिंक, म्हणजे दोन ठिकाणच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे. इकडे फाइल उडाली की तिकडेही उडते.

मी एकदा कित्येक महिने 'बॅकअप यशस्वी' हा संदेश वाचून निश्चिंत होतो. गरज पडली तेव्हा फाइल उघडलीच नाही. तेव्हापासून दर महिन्याला दोन-चार फाइली दुसऱ्या यंत्रावर परत आणून उघडून बघतो. तुम्ही ही सवय पहिल्याच महिन्यापासून लावा.